जावयाची हमी: जपानच्या व्हिसाचे दहा महिने

जून २०२४ मधला एक रविवार. नाशिकमधल्या म्हसरूळच्या घरी माझ्या हातात पोह्यांची ताटली आणि माझ्या बायकोचा, युकोचा, फोन स्पीकरवर. माझ्या सासूबाई फोनवर पाच मिनिटांच्या वर कधी बोलत नाहीत. त्या दिवशी पाऊण तास बोलल्या. ओतोसानच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं करायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. आधी एक, मग काही महिन्यांनी दुसरं. पण द्राक्षाची पाऊण एकर बाग कोण बघणार? मजूर मिळत नाहीत, शेजारचे बागायतदारही सगळे सत्तरीपुढचे. एक हंगाम कुणी सांभाळला असता तर, असं सासूबाई म्हणाल्या नाहीत. पण आम्हा दोघांनाही ते ऐकू आलं.

युकोचं माहेर कात्सुनुमाला, टोकियोच्या पश्चिमेला यामानाशी प्रांतात. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नावच कात्सुनुमा-बुदोक्यो. बुदो म्हणजे द्राक्ष, क्यो म्हणजे गाव. आमची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आणि माझं कृषी सेवा केंद्र दिंडोरी रोडला. युको २०१८ मध्ये दुभाषी म्हणून नाशिकला आली, तेव्हा आमचं पहिलं बोलणं द्राक्षावरच्या भुरी रोगावर झालं होतं. त्यामुळे 'तुला जमेल का' हा प्रश्न नव्हता. आमची तोडणी एप्रिलच्या मध्यापर्यंत संपते, त्यांचा हंगाम तेव्हाच सुरू होतो. थोरला भाऊ म्हणाला, "जाऊन ये, इकडचं मी बघतो." अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फक्त विचारलं, "कोणत्या कागदावर जाणार?"

त्या प्रश्नाचं उत्तर मिळायला दहा महिने लागले. त्यातले निदान दोन माझ्या संकोचात गेले. ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

सुरुवात केली ती चुकीच्या ठिकाणी. जुलैत एका एजंटाकडे गेलो. केबिन थंडगार, टेबलावर छोटे झेंडे. तो म्हणाला, "टुरिस्टवर जा साहेब. एप्रिलपासून जपानचा ई-व्हिसा सुरू झालाय, सोप्पंय. नव्वद दिवस राहा, बाहेर पडा, पुन्हा जा. असं तीन-चारदा केलं की झालं वर्ष." वर पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढून ठेवा म्हणाला, विवाह प्रमाणपत्राला अपॉस्टील, म्हणजे ते परदेशात चालावं म्हणून सरकारी शिक्का, करून घ्या म्हणाला आणि 'सगळं मिळून' साठ हजार सांगितले. पैसे दिले नाहीत, पण पोलीस क्लिअरन्स मात्र काढलं, पाचशे रुपये फी भरून. ते पुढे कुणीही मागितलं नाही. अजून कपाटात आहे.

घरी आल्यावर युकोने औषध कंपनीच्या जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि इमिग्रेशनच्या साइटवरचं वाचून मराठीत लिहायला बसली. तिला या कामाची सवय आहे. भारतातल्या तिच्या व्हिसाची मुदत वाढवायचे ऑनलाइन अर्ज तिने इतके केलेत की कोणती फाइल किती केबीची लागते ते तिला पाठ आहे.

पहिला रस्ता एजंटवाला. टुरिस्ट ई-व्हिसा एकेरी प्रवेशाचा, फार तर ९० दिवसांचा आणि फक्त फिरण्यासाठी. मुदत सहसा वाढवून मिळत नाही. दर तीन महिन्यांनी परत येऊन नवा अर्ज करायचा, विमानाचं भाडं पुन्हा द्यायचं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी विमानतळावरच्या अधिकाऱ्याने 'पर्यटक म्हणून नेमकं काय बघताय?' असं विचारलं तर काय सांगायचं, छाटणी? पैसे मिळवण्याचं काम या व्हिसावर करता येत नाही. सासऱ्यांच्या बागेत फुकट राबणं त्यात बसतं की नाही, यावर आम्ही रात्री अकरापर्यंत वाद घातला आणि ज्या गोष्टीवर वाद होतो ती करायची नाही असं ठरवलं.

दुसरा रस्ता विद्यार्थी व्हिसा. भाषेच्या शाळेत नाव घालायचं. आम्ही चौकशी केली तिथे वर्षाची फी सात-आठ लाख येनांच्या घरात होती. अर्ज पाच-सहा महिने आधी लागतो, वर्गातली हजेरी मोजतात, आणि परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येतं. जपानी शिकायला माझी ना नाही, पण विरळणीच्या दिवसांत रोज सकाळी वर्गात बसणारा माणूस बागेच्या काय कामाचा?

तिसरा रस्ता जपानी नागरिकाच्या जोडीदाराचा. हा सहा महिने, एक, तीन किंवा पाच वर्षांचा मिळतो, कामावर बंधन नाही, आरोग्य विमा मिळतो. मी जो आहे तेच या कागदावर लिहिलेलं असतं. मग अडचण कुठे होती? व्हिसाच्या आधी जपानमधून सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, म्हणजे पात्रतेचा दाखला, काढावं लागतं. सगळे त्याला सीओई म्हणतात. त्या अर्जाला हमीपत्र लागतं. हमीदार जपानमध्ये राहणारा हवा. साधारणपणे तो जोडीदारच असतो, पण आमची जोडीदार म्हसरूळला. म्हणजे हमी द्यायची ओतोसाननी. हमीपत्रात तीन गोष्टी असतात: याच्या राहण्याचा खर्च, याचं परतीचं भाडं आणि हा कायदे पाळेल याची जबाबदारी.

इथे माझं घोडं पेंड खायला लागलं.

२०२३ च्या अधिक श्रावणात आम्ही बहिणीच्या नवऱ्याला तेहतीस अनारसे आणि चांदीचा दिवा दिला होता. अण्णा स्वतः त्याच्या पायाला पाणी घालत होते. जावई म्हटलं की डोक्यात हे चित्र. आणि मी माझ्या सासऱ्यांना सांगायचं की ऑपरेशनच्या आधी जरा माझी हमी भरा, मी पळून आलो नाही असं सरकारला लिहून द्या, शिवाय तुमच्या पेन्शनचा आणि करांचा दाखला जोडा? मित्रांनी आधीच 'घरजावई' म्हणून पिडायला सुरुवात केली होती. मी युकोला म्हणायचो, बघू, पुढच्या आठवड्यात विचारू. जुलै गेला, ऑगस्ट गेला. गणपती आले तरी विचारलं नव्हतं.

शेवटी युकोनेच मला न विचारता फोन लावला. मी शेजारी बसून जमिनीकडे बघत होतो. ती दोन मिनिटं बोलली. पलीकडून ओतोसानचा एक प्रश्न आला आणि ती हसायला लागली. म्हणाली, "ते विचारतायत, सचिन किती डोळ्यांवर छाटतो?"

डोळा म्हणजे काडीवर कोंब फुटायची जागा. मी सांगितलं. वाण कोणता, काडी किती जाड, त्यावर अवलंबून, आमच्या थॉम्पसनला आठ-दहा. तिने भाषांतर केलं. पलीकडे बराच वेळ 'हूं' चाललं, मग आणखी दोन प्रश्न काडीबद्दलच. हमीपत्राबद्दल ते एवढंच म्हणाले की फॉर्म पाठव. ही हमी नैतिक असते, उद्या मी खर्च बुडवला तर त्यांच्यावर वसुली येणार नाही, हे युकोने समजावलं तेव्हा त्यांनी ते ऐकून घेतलं, बस्स. हमीपत्रावर आता शिक्का लागत नाही. तरीही त्यांनी आपला लाल शिक्का उमटवलाच.

मग कागदांची धावपळ सुरू झाली. माझा पासपोर्ट २०२५ च्या ऑगस्टमध्ये संपत होता. आधी सीओई काढून मग पासपोर्ट बदलला तर नंबर जुळत नाही आणि खुलासे करत बसावं लागतं, म्हणून सप्टेंबरमध्ये नाशिकच्याच पासपोर्ट सेवा केंद्रात नवा करून घेतला. छत्तीस पानी, पंधराशे रुपये, पोलीस तपासणीसह तीन आठवडे. वर्षभरासाठी जाणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी करावं. आणि नावाचं स्पेलिंग, मधलं नाव, काहीही या काळात बदलू नये. माझ्या पासपोर्टवर अण्णांचं नाव माझ्या नावाच्याच रकान्यात आहे, त्यामुळे जपानी कागदांवर मी सगळीकडे सचिनरामदास असा सलग आहे.

आडनावाची गोष्ट वेगळीच. २०२२ मध्ये आमचं लग्न विशेष विवाह कायद्याखाली नोंदलं, तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार वगैरे, आणि मग जपानलाही कळवलं. लग्न झाल्यापासून तीन महिन्यांत कळवावं लागतं. तिकडच्या नोंदीत परदेशी नाव त्यांच्या कानोंत्सू... नाही, काताकाना लिपीत लिहितात. (हे शब्द माझ्या तोंडात अजून अडखळतात.) त्यांच्याकडे ळ नाही, लही नाही, दोन्हींचं काम र करतो. त्यामुळे 'काळे'चं झालं 'कारे'. जपानीत कारे म्हणजे 'तो'. शेवटचा ए लांबवला की करी, जेवणातली. आणि मराठीत काय होतं ते तुम्ही वाचलंतच.

त्या नोंदवहीला कोसेकी म्हणतात. कुटुंबाचं मूळ पत्रक समजा, सातबारा आणि रेशन कार्ड यांच्या मधलं काहीतरी. परदेशी माणसाशी लग्न झालं की जपानी मुलीची कोसेकी आईवडिलांच्या पत्रकातून वेगळी निघते. युकोच्या नव्या पत्रकात एकटी युको आहे. मी त्यात सदस्य नाही. तिच्या नावाखालच्या शेऱ्यात आहे, अमुक तारखेला अमुक देशाच्या अमुक माणसाशी विवाह. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जरा लागलं होतं. याचा उतारा सीओईला लागतोच आणि तो ताजा, तीन महिन्यांच्या आतला हवा. मार्च २०२४ पासून तो कोणत्याही नगरपालिकेत मिळतो आणि आईवडीलही मुलीचा काढू शकतात, त्यामुळे सासूबाईंनी ४५० येन भरून जवळच काढला.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला प्रश्नावलीने. आठ पानं. कुठे भेटलात, कुणी ओळख करून दिली, लग्न ठरेपर्यंत काय काय झालं ते तारखांसह लिहा, कोण किती वेळा कुणाच्या देशात गेलं, एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलता आणि ती भाषा एकमेकांना किती समजते. शेवटच्यावर आम्ही अडलो. आमच्या घरात भांडण मराठीत होतं, हिशेब हिंदीत, दुकानातल्या औषधांची नावं इंग्रजीत आणि मांजराशी जपानी. युकोने ते जवळजवळ असंच लिहिलं.

पुढचा रकाना होता लग्नसमारंभाला किती माणसं होती. नोंदणीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावी मांडव घातला होता. मी म्हटलं, सातशे लिही. युको म्हणाली, सातशे लिहिलं तर त्यांना वाटेल एक शून्य जास्त पडलं. "पण पानं सातशेच उठली," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. आचाऱ्याची वही अजून तिच्याकडे आहे. शेवटी सातशे लिहून खाली ओळ टाकली की भारताच्या ग्रामीण भागात गावजेवणाची पद्धत आहे.

दोघांचे चेहरे स्पष्ट दिसतील असे दोन-तीन एकत्र फोटो लागतात, ॲपने सुंदर केलेले चालत नाहीत. लग्नाच्या फोटोंचा ढीग काढला, त्यात एक धड मिळेना. माझ्या डोळ्यांवर मुंडावळ्या, तिच्या तोंडापुढे कुठल्या तरी मामाचा हात, उरलेल्यांत अक्षता. शेवटी गंगापूर धरणावरचा, बागेतला आणि तिच्या माहेरी २०२३ च्या मे महिन्यात गेलो होतो तेव्हाचा, असे तीन दिले. अर्जावरचा फोटो ४ बाय ३ सेंटिमीटरचा. आमच्याकडच्या स्टुडिओत साडेचार बाय साडेतीनचा ठरलेला साचा असतो. स्टुडिओवाल्याने पहिल्यांदा तोच फोटो कापून लहान केला, त्यात माझी हनुवटी गेली. दुसऱ्यांदा मी पट्टी घेऊन बाजूला उभा राहिलो. व्हिसाच्या अर्जाला पुढे साडेचार बाय साडेतीनचाच लागतो, त्यामुळे दोन्ही आकार एकदमच करून घ्या.

भाषांतराला पैसे घालवू नका. विवाह प्रमाणपत्राचं जपानी भाषांतर युकोनेच केलं, खाली भाषांतरकार म्हणून स्वतःचं नाव घातलं, ते चाललं. जपानमधल्या एका कागदपत्रं करून देणाऱ्या व्यावसायिकाने पूर्ण कामाचे एक लाख येन सांगितले होते. गुंतागुंतीची केस असेल, आधी व्हिसा नाकारला गेला असेल, तर तो खर्च करावा असं मलाही वाटतं. आमची केस साधी होती आणि युकोकडे वेळ होता.

ऑक्टोबर छाटणीने मग महिना खाल्ला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नाशिकच्या जीपीओतून स्पीड पोस्टाने पाकीट पाठवलं, नऊ दिवसांत पोचलं. अर्जदार परदेशात असेल तर जपानमध्ये राहणारा नातेवाईक त्याच्या वतीने अर्ज देऊ शकतो. २० नोव्हेंबर २०२४ ला, बुधवारी, ओतोसान गाडीने कोफूच्या इमिग्रेशन कार्यालयात गेले आणि अर्ज देऊन आले. फी नाही. संध्याकाळी त्यांनी पोचपावतीचा फोटो पाठवला. कागदाच्या शेजारी त्यांची काठी टेकवलेली दिसत होती. त्या फोटोवर मी काय उत्तर लिहावं हे मला सुचलं नाही, शेवटी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

एक ते तीन महिने लागतात असं साइटवरच लिहिलेलं आहे, तेव्हा रोज मेल तपासण्यात अर्थ नाही. मी रोज तपासायचो. डिसेंबर गेला. जानेवारीत घडांना कागद लावायचं काम चालू होतं, थंडीने मणी गुलाबी पडू नयेत म्हणून आमच्याकडे वर्तमानपत्रात घड गुंडाळतात, आणि मी शिडीवर उभा राहून खिशातला फोन काढायचो. भाऊ म्हणाला, "जपान राहू दे, आधी हा ओळीचा शेवट गाठ."

जानेवारीच्या शेवटी मेलऐवजी कात्सुनुमाच्या घरी पत्र गेलं. आणखी कागद हवे होते. माझी पाचावर धारण बसली, पण विचारलेलं रास्तच होतं: पत्नीचं जपानमध्ये उत्पन्न नाही, पतीचं नाही, तर वर्षभर खाणार काय? जपानी जोडीदाराच्या उत्पन्नाचा आणि करांचा दाखला हा या अर्जाचा कणा असतो, आणि दोघंही परदेशात राहत असाल तर तो तुमच्याकडे नसतोच. आम्ही अर्जासोबत फक्त ओतोसानचे दाखले जोडले होते आणि त्यावर भागेल असं समजलो. हे आधीच द्यायला हवं होतं. मग युकोने दोन पानी पत्र लिहिलं: का येतोय, कुठे राहणार, घरभाडं नाही, तिचं भाषांतराचं काम तिकडूनही चालणार, महिन्याचा खर्च किती. सोबत तिच्या कामाची बिलं, माझ्या दुकानाची आयकर विवरणपत्रं जपानी सारांशासह, बँकेतली शिल्लक आणि ओतोसानच्या ऑपरेशनची तारीख असलेलं हॉस्पिटलचं पत्र. एक वर्षच राहायचंय हे लपवायचं का, असं मी विचारलं होतं. युकोने सरळ एक वर्ष लिहिलं.

२७ फेब्रुवारी २०२५. दुकानात गिऱ्हाईकाला बुरशीनाशकाचं प्रमाण सांगत असताना युकोचा फोन आला. सीओई हल्ली ई-मेलने मिळतो, मूळ कागद कुरियरने मागवत बसावं लागत नाही. मी त्या गिऱ्हाईकाला दोनशे लिटर पाण्याचं प्रमाण पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, कारण आधी काय बोललो ते मलाच आठवेना.

सीओई मिळाल्यापासून तीन महिन्यांत जपानमध्ये पाऊल टाकावं लागतं. म्हणून फार लवकर अर्ज करण्यातही शहाणपण नाही. आमची तोडणी लांबली असती तर पंचाईत होती.

१० मार्चला, सोमवारी, नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडली. मुंबईच्या व्हीएफएस केंद्रात, जिथे व्हिसाचे अर्ज घेतात, आधी वेळ घेतलेली होती. पासपोर्ट, व्हिसाचा अर्ज, फोटो, सीओईची प्रिंट. एवढंच. बँकेचं स्टेटमेंट, हॉटेल बुकिंग, तिकीट यांचं ओझं मी उगाच नेलं होतं. सीओई असला की चौकशीचा मोठा भाग जपानमध्ये उरकलेला असतो. भारतीयांसाठी व्हिसाची फी पाचशेच्या आसपास होती, सेवाशुल्क आणि कुरियर वेगळं. एका रांगेत माझ्यापुढे पुण्याचं एक जोडपं होतं, टुरिस्टवर निघालेलं, त्यांच्या फायली माझ्यापेक्षा तिप्पट जाड. आठवड्याने पासपोर्ट कुरियरने घरी आला. आईने तो देवापुढे ठेवला आणि हळदीकुंकू लावायला निघाली, तेवढ्यात मी उचलला.

जायच्या आधीच्या दोन गोष्टी. पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा, हजार रुपये. जपानमध्ये तो वर्षभर चालतो, गाडी आपल्यासारखीच डावीकडून, आणि कात्सुनुमासारख्या गावात गाडीशिवाय दूधही आणता येत नाही. दुसरं, रोजची गोळी घेत असाल तर एका महिन्यापेक्षा जास्त साठा न्यायला आधी जपानच्या आरोग्य खात्याची परवानगी लागते. मला थायरॉइडची गोळी आहे. महिन्याची नेली आणि पुढची तिथल्या डॉक्टरांकडून घेतली.

२२ एप्रिलला निघालो, दिल्लीमार्गे. टोकियोच्या विमानतळावरच पासपोर्टवर शिक्का मारून रहिवासी कार्ड हातात दिलं. मुदत एक वर्ष. कार्डावरच्या फोटोत माझी हनुवटी पूर्ण आहे.

घर गाठल्यापासून चौदा दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. एप्रिलअखेरीस तिकडे सुट्ट्यांचा हंगाम सुरू होतो, म्हणून २५ तारखेलाच गेलो. कोशू नगरपालिकेचं कार्यालय एन्झानला, कात्सुनुमाच्या पुढच्याच स्टेशनवर. ओतोसान गाडीत बसून राहिले नाहीत, काठी टेकत आत आले. पहिल्या ऑपरेशनला अजून बारा दिवस होते.

बाकावर बसलो होतो. खिडकीतून आवाज आला, "कारे-सामा!" मी दचकून मराठीत "काय?" म्हणालो. युको इतकी हसली की शेजारच्या आजीबाईही हसायला लागल्या.

त्याच खिडकीवर राष्ट्रीय आरोग्य विमा झाला. त्याचा हप्ता जपानमधल्या आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर ठरतो, माझं शून्य, म्हणून अगदी कमी बसला. एक गोष्ट मात्र आम्ही हिशेबात धरलीच नव्हती: वीस ते साठ वयाच्या प्रत्येक रहिवाशाला राष्ट्रीय पेन्शनही भरावी लागते, परदेशी असला तरी. त्या वर्षी महिन्याला १७,५१० येन. उत्पन्न कमी असेल तर सूट मागता येते, तिथेच फॉर्म मिळतो. आणि सहा महिने किंवा जास्त भरली असेल तर देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज करून काही रक्कम परत मिळते. वर्षभराच्या बजेटमध्ये हा आकडा पहिल्या दिवसापासून धरा.

सगळं झाल्यावर युकोने ज्युमिनह्यो मागितला, म्हणजे रहिवासाचा उतारा, पुढे बँकेत लागणार होता. कोसेकीसारखं यात नसतं. २०१२ पासून परदेशी रहिवासीही घरच्यांबरोबर याच उताऱ्यात येतात. कारकून बाईंनी छापील कागद पुढे सरकवला आणि बोटाने एकेक ओळ दाखवत तपासून घेतला. कुटुंबप्रमुख ओतोसान. मग सासूबाई, नात्याच्या रकान्यात 'पत्नी'. मग युको, 'अपत्य'. चौथ्या ओळीत मी, नाव सलग, सचिनरामदास कारे, आणि नात्याच्या रकान्यात तीन अक्षरं.

"हे काय लिहिलंय?" मी विचारलं.

"अपत्याचा नवरा," युको म्हणाली. मग थोडं थांबून, "म्हणजे तुमचं ते घरजावईच."

ओतोसाननी काय चाललंय ते विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून ती ओळ वाचली, कागदाची घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली आणि म्हणाले की अंधार पडायच्या आत बागेत जाऊ, डेलावेअर द्राक्षाला फुटवे जास्त आलेत.